हनुवटीवरचे राठ केस: कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं, आणि पाठवताना काय सांगायचं?

दोरा_चिमटा

चेहऱ्यावरचे केस काढून देणाऱ्या आम्हा लोकांसाठी हा प्रश्न आहे. ओठावरची लव काढून घ्यायला येणाऱ्या बहुतेकींना काहीही आजार नसतो, हे ठाऊक आहे. पण काही चेहरे वेगळे असतात. हनुवटीखाली, जबड्याच्या कडेने आणि गळ्यावर काळे, जाड केस. दोरा फिरवला की चरचर आवाज येतो, उपटलेल्या केसाच्या टोकाशी काळी गाठ दिसते आणि आठवड्याभरात खुंट पुन्हा हाताला लागतात. अशा बाईला "हार्मोन्स तपासून घ्या" असं मोघम सांगितलं की ती घाबरते नाहीतर दुखावते, आणि जात कुठेच नाही.

नेमकं हवंय ते असं. साधी लव आणि आतल्या बिघाडाकडे बोट दाखवणारे केस यांतला फरक कसा ओळखायचा? कोणाला सवडीने जा म्हणायचं आणि कोणाला याच आठवड्यात? तपासण्या कुठल्या आणि कधी? बऱ्याच जणी भलत्याच दिवशी रक्त देऊन येतात आणि "सगळं नॉर्मल आहे" म्हणून गप्प बसतात. दोऱ्याने किंवा रेझरने केस वाढतात का, हा तर रोजचाच प्रश्न. आणि लेझर करून आलेल्या काही जणींच्या गालावर आधीपेक्षा जास्त केस दिसतात, ते कशाने?

ग्रंथीवैद्य

आधी केसाचं बघू, मग आजाराचं.

लव म्हणजे मऊ, आखूड, फिक्या रंगाचे केस. ती गालावर, कपाळावर, पाठीवर सगळ्यांनाच असते. राठ केस म्हणजे जाड, काळे, लांब वाढणारे. हनुवटी, ओठाच्या कडा, छातीचा मधला भाग, बेंबीखालची रेघ, मांडीची आतली बाजू या ठिकाणची केसांची मुळं अँड्रोजेन या पुरुषी गुणांच्या हार्मोनला प्रतिसाद देतात. टेस्टोस्टेरॉन हे त्यांतलं मुख्य; ते त्या मुळापर्यंत पोचलं की तिथलं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम त्याचं आणखी जोरकस रूप बनवतं, त्याला डीएचटी म्हणतात. डीएचटीच्या हुकुमाने लवेचं मूळ राठ केस वाढवायला लागतं. हा बदल एकदा झाला की सहसा उलट फिरत नाही. म्हणून औषधाने नवीन केस राठ होणं थांबतं, वाढीचा वेग आणि जाडी कमी होते, पण आधीच राठ झालेले केस काढावेच लागतात. हे सुरुवातीलाच कानावर घातलं नाही तर तीन महिन्यांत "औषध लागू पडलं नाही" म्हणून बाई सगळं सोडून देते.

यातून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघतं. पुरुषांना जिथे जाड केस येतात फक्त त्याच जागी बाईला ते आले तर त्याला हर्सुटिझम म्हणतात. हात, पाय, कपाळ, पाठ अशी सगळीकडे लव दाट झाली असेल तर तो वेगळा प्रकार, हायपरट्रायकोसिस. तो अँड्रोजेनमुळे नसतो. फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन, मिनॉक्सिडिल अशी औषधं किंवा घराण्याची ठेवण हे त्याचं कारण असतं. दोन्ही एका मापाने मोजले की तपासणीची दिशाच चुकते.

डॉक्टर मोजमापासाठी फेरीमन-गॅलवे पद्धत वापरतात. मूळ पद्धत १९६१ची. हल्ली वापरतात त्या सुधारित पद्धतीत शरीराच्या ९ जागांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, म्हणजे कमाल ३६. पूर्वी सरसकट ८ ही सीमा धरत. आता वंशाप्रमाणे ती ४ ते ६ इतकी खालीही धरली जाते. एक खाच मात्र लक्षात ठेवा: बाई डॉक्टरकडे जाताना चेहरा स्वच्छ करूनच जाते. मग गुण कमी भरतात आणि तक्रार किरकोळ वाटते.

आता कारणं. अँड्रोजेन जास्त असणाऱ्या बायकांत दहापैकी सात-आठ जणींना पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचं काम आणि पाळी बिघडवणारा हार्मोनचा विकार, असतो. पाळी लांबणं, मुरुम, टाळूवरचे केस विरळ होणं, वजन वाढणं यांपैकी काही सोबत असतं. पण सडपातळ बाईलाही पीसीओएस असतो, हे विसरू नका. यात इन्सुलिनचा मोठा हात आहे. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की अंडाशय जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं. शिवाय यकृतात तयार होणारं एसएचबीजी हे प्रथिन घटतं. एसएचबीजी टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मानेच्या घडीत, काखेत मखमलीसारखा काळपट जाडसरपणा दिसतो ना, तो या वाढलेल्या इन्सुलिनचा ठसा. तो मळ नव्हे. घासून, ब्लीच करून जात नाही, उलट कातडी सोलते. तुमच्या खुर्चीत मान मागे टेकली की तो सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसतो.

काही जणींची पाळी अगदी नियमित, अंडं वेळेवर तयार होतं, रक्तातले हार्मोन मर्यादेत, तरी केस राठ. याला इडिओपॅथिक हर्सुटिझम म्हणतात. इथे रक्तात काही जास्त नसतं, केसाचं मूळच जास्त संवेदनशील असतं. "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तुमच्या मनाचे खेळ" असं अशा बाईला कोणी म्हणू नये. उपचार तिलाही लागू पडतात.

थोड्या जणींत मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतलं २१-हायड्रॉक्सिलेज एन्झाइम जन्मतः कमी असतं. हा जन्मजात आजाराचा सौम्य, उशिरा दिसणारा प्रकार. दिसायला हुबेहूब पीसीओएससारखा, म्हणून तपासल्याशिवाय सापडत नाही. ओळखणं महत्त्वाचं, कारण तो आनुवंशिक आहे आणि मूल होऊ द्यायच्या आधी जोडीदाराची तपासणी करायची का हे ठरवावं लागतं. कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार वाढणं, त्याहून विरळ. चेहरा गोल, लालसर. किरकोळ लागलं तरी काळंनिळं. पोटावर बोटाएवढ्या रुंद जांभळ्या रेघा. आणि खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता न येणं. अँड्रोजेन बनवणारी गाठ अंडाशयात किंवा अॅड्रिनलमध्ये असते. ती फारच दुर्मिळ, अँड्रोजेन वाढलेल्या साधारण पाचशे बायकांत एखादी, पण चुकवायची नाही.

आता कोणाला सवडीने आणि कोणाला घाईने. इथे केस किती आहेत याला महत्त्व कमी, ते किती वेगाने आले याला जास्त. वयात आल्यानंतर हळूहळू, वर्षानुवर्षं वाढलेले केस: महिन्याभरात जावं. तीन-चार महिन्यांत चेहरा, छाती, पोट झपाट्याने भरलं. आवाज घोगरा झाला. कानशिलाच्या वर पुरुषांसारखं टक्कल पडायला लागलं. दंड-खांदे व्यायामाशिवाय भरले. क्लिटोरिस मोठं झालं. चालू असलेली पाळी एकदम बंद पडली: यातलं एखादंही असेल तर याच आठवड्यात. क्लिटोरिसचा प्रश्न तुम्ही विचारू नका, तो डॉक्टर विचारतील. आवाजाचा बदल मात्र नेहमीच्या गिऱ्हाईकाच्या बाबतीत तुमच्या कानाला कळतो.

पाठवायचं स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे. घाईची लक्षणं असतील तर थेट एंडोक्रायनोलॉजिस्टकडे.

नमुना_सकाळचा

रक्ताच्या बाजूने लिहितो, कारण सर्वांत जास्त घोळ इथे होतात.

पाळी येत असेल तर पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत, सकाळी ८च्या सुमारास रक्त द्यावं. पाळी महिनोन् महिने येतच नसेल तर गर्भ नाही ना हे पाहून कुठल्याही दिवशी, पण सकाळीच. टेस्टोस्टेरॉन सकाळी वर असतं, संध्याकाळी उतरतं. आणि २१-हायड्रॉक्सिलेजसाठी जी १७-ओएचपी या हार्मोनची तपासणी करतात ती पाळीच्या उत्तरार्धात केली तर निरोगी बाईतही वाढलेली येते, कारण अंडं सुटल्यावर अंडाशयच ते बनवतं. सकाळच्या, पूर्वार्धातल्या नमुन्यात आकडा २०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटरच्या खाली असेल तर तो आजार जवळपास बाद होतो. वर असेल तर अॅड्रिनलला चालना देणाऱ्या एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅम इंजेक्शन देऊन ६० मिनिटांनी पुन्हा मोजतात. तेव्हा १००० ओलांडलं की निदान बहुधा पक्कं.

टेस्टोस्टेरॉन बायकांत मुळात इतकं कमी असतं की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या इम्युनोअॅसे यंत्रावर खालच्या आकड्यांचा भरवसा कमी. एलसी-एमएस या जास्त अचूक पद्धतीने मोजता आलं तर बरं. "फ्री टेस्टोस्टेरॉन" थेट मोजणारे किट तर टाळावेतच. त्यापेक्षा एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी मोजून हिशोब करावा. उदाहरण देतो. एकूण टेस्टोस्टेरॉन ५२ नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटर. त्याला ०.०३४७ ने गुणलं की १.८ नॅनोमोल प्रति लिटर. एसएचबीजी ६० नॅनोमोल प्रति लिटर असेल तर १.८ भागिले ६० गुणिले १००, म्हणजे मोकळ्या अँड्रोजेनचा निर्देशांक ३. तेच एसएचबीजी २० असेल तर ९. अनेक प्रयोगशाळा ५च्या आसपास वरची मर्यादा धरतात. म्हणजे दोघींच्या कागदावर टेस्टोस्टेरॉन तेवढंच, पण एकीचं ठीक आणि दुसरीचं वाढलेलं. "सगळं नॉर्मल" म्हणून परत येणाऱ्या कितीतरी जणींचं एसएचबीजी मोजलेलंच नसतं.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही तपासणी करून उपयोग नाही. गोळी टेस्टोस्टेरॉन खाली आणते आणि एसएचबीजी वर नेते, त्यामुळे आजार झाकला जातो. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने बंद ठेवून मग मोजावं, आणि त्या काळात गर्भनिरोधनाची दुसरी सोय करावी.

बायोटिनबद्दल मोठ्याने सांगायला हवं. केस-नखांसाठी घेतात त्या गोळ्यांत बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. ज्या यंत्रांचं रसायन बायोटिनवर चालतं तिथे टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईएएस (अॅड्रिनलमधलं अँड्रोजेन) खोटं वाढलेलं दिसतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एसएचबीजी खोटं कमी. म्हणजे नसलेला अँड्रोजेनचा दोष आणि नसलेला थायरॉइडचा दोष, दोन्ही एका कागदावर. निदान तीन दिवस आधी बंद करावं आणि रक्त देताना सांगावं. टाळूवरचे केस गळतात म्हणून बायोटिन घेणारी आणि हनुवटीवर केस येतात म्हणून तपासायला येणारी बाई बऱ्याचदा एकच असते.

सोबत डीएचईएएस, प्रोलॅक्टिन, टीएसएच करतात. टेस्टोस्टेरॉन १५० ते २०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटरच्या पुढे किंवा डीएचईएएस ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसीलीटरच्या पुढे गेलं तर गाठ शोधण्यासाठी इमेजिंग (स्कॅन) करतात. पण आकडा खाली आहे म्हणून झपाट्याने वाढलेल्या केसांकडे दुर्लक्ष करायचं नाही. कुशिंगची शंका असेल तर रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेऊन सकाळी ८ला कॉर्टिसॉल मोजतात, १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलीटरच्या खाली उतरायला हवं. इथेही गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर कॉर्टिसॉल खोटं वर दिसतं.

गोळी_आणि_मात्रा

वर औषधांचा उल्लेख आला, त्यात भर. घरात जोडीदार टेस्टोस्टेरॉनचं जेल खांद्याला लावत असेल तर ते कातडीवरून, उशीच्या अभ्र्यावरून, टॉवेलवरून बाईला आणि लहान मुलांनाही लागतं. व्यायामशाळेतली स्नायू वाढवणारी अॅनाबोलिक औषधं, डॅनाझॉल, आणि फिटसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट, हेही विचारून घ्यावं. व्हॅल्प्रोएट आपल्या मनाने कधीच बंद करू नये, फक्त लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. टाळूला मिनॉक्सिडिल लावून त्याच हाताने चेहरा पुसला किंवा ते वाळायच्या आत उशीवर डोकं ठेवलं की गालावर, कपाळावर लव वाढते. ती औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरते.

उपचारांत एक समजूत दुरुस्त करायला हवी. "पीसीओएस आहे, मेटफॉर्मिन द्या, केस जातील" असं सर्रास बोललं जातं. मेटफॉर्मिन साखरेसाठी, पाळीसाठी उपयोगी आहे. केसांवर त्याचा परिणाम नगण्य. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शिकेतही केसांसाठी म्हणून ते सुचवलेलं नाही. गर्भधारणा नको असलेल्या बाईत पहिलं औषध म्हणजे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन असलेली संयुक्त गर्भनिरोधक गोळी. ती अंडाशयातलं टेस्टोस्टेरॉन कमी करते आणि एसएचबीजी वाढवते. पस्तिशीपुढे धूम्रपान करणारी, आधी रक्ताची गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकून उठणाऱ्या अर्धशिशीची, किंवा रक्तदाब वाढलेली बाई: यांना ती देत नाहीत. त्यामुळे दुसरीची चिठ्ठी बघून गोळी सुरू करणं धोक्याचं.

सहा महिन्यांनी फरक अपुरा वाटला तर अँटी-अँड्रोजेन जोडतात, बहुधा स्पायरोनोलॅक्टोन, दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम, दोन भागांत. हे मुळात लघवी वाढवणारं, रक्तदाब उतरवणारं औषध. सुरुवातीला चक्कर येते, पाळी मधेच येते, स्तन दुखतात. पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असणारी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारी असेल तर रक्त तपासत राहावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: अँटी-अँड्रोजेन चालू असताना गर्भ राहिला आणि तो मुलगा असला तर त्याच्या जननेंद्रियांची घडण बिघडू शकते. पक्कं गर्भनिरोधन नसेल तर ही औषधं नाहीत. फिनास्टेराइडलाही हाच नियम. फ्लुटामाइड यकृताला घातक ठरू शकतं म्हणून या कामासाठी नकोच.

लावायचं औषध म्हणजे १३.९ टक्के एफ्लॉर्निथिनचं क्रीम. ते केस काढत नाही, मुळातली वाढ संथ करतं. दिवसातून दोनदा, दोन वेळांत निदान ८ तासांचं अंतर, लावल्यावर ४ तास चेहरा धुवायचा नाही. केस काढले असतील तर ५ मिनिटं थांबून मग लावायचं, नाहीतर चुणचुणतं. सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो. बंद केल्यावर साधारण तेवढ्याच दिवसांत केस पूर्वीसारखे. मुरुमांचा त्रास असेल तर ते थोडे वाढू शकतात.

सहा महिने हा आकडा कुठून येतो, तेही सांगा त्यांना. केसाचं मूळ काही महिने वाढतं, मग काही काळ विश्रांती घेतं. आज दिसतो तो केस औषध सुरू व्हायच्या आधीच्या हार्मोनवर पोसलेला असतो. तो चक्र पुरं करून गळेपर्यंत औषधाचं काम डोळ्यांना दिसत नाही.

त्वचेच्या_खाली

रेझरचं आधी संपवतो. कापल्याने केस वाढत नाहीत. १९२८मध्येच मोजून पाहिलेलं आहे. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. म्हणून खुंट बोचतो आणि काळा दिसतो. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, त्याला वर काय चाललंय ते कळतही नाही. दोऱ्यानेही संख्या वाढत नाही. गोंधळ होतो तो असा: पीसीओएसमध्ये केस वर्षागणिक वाढतच असतात, त्याच वर्षांत बाई दोरा सुरू करते, आणि दोष दोऱ्याला मिळतो.

दोऱ्याने आणि वॅक्सने बिघडतं ते वेगळंच. राठ, वळणारा केस मुळातून तुटण्याऐवजी मधेच तुटला की त्याचं टोक कातडीच्या आत वळतं आणि पुळी येते. ती नखाने फोडली की सावळ्या कातडीवर महिनोन् महिने काळा डाग राहतो. केसांपेक्षा हे डागच मग हनुवटी काळवंडलेली दाखवतात. अशा हनुवटीवर खरं तर केसाच्या दिशेने, न दाबता फिरवलेला रेझर किंवा ट्रिमर जास्त सौम्य. चेहऱ्याला ट्रेटिनॉइन, अॅडापलीन अशी क्रीम लावणारीला वॅक्स लावलं तर केसाबरोबर कातडीचा पापुद्रा निघतो; आठवडाभर आधी क्रीम थांबवायला सांगा. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नाहीच, गोळ्या संपल्यावरही सहा महिने. ओठावर तापाचे फोड असतील तर हात लावू नका. आणि कृपा करून दोरा दातांत धरू नका. मान किंवा हाताच्या पकडीने काम होतं, आणि प्रत्येक चेहऱ्याला नवा दोरा हवा. चामखीळ आणि पू होणाऱ्या पुळ्या दोऱ्याबरोबर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातात.

आता लेझर. किरण केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषले जातात, तिथे उष्णता होते, मूळ जळतं. यातून तीन गोष्टी आपोआप येतात. पांढऱ्या, फिक्या केसाला लेझर लागू पडत नाही. तिथे सुईने एकेक मूळ जाळणारं इलेक्ट्रोलिसिसच. लेझरच्या आधी चार ते सहा आठवडे दोरा, वॅक्स, चिमटा बंद, कारण मूळच उपटून टाकलं तर किरण शोषायला काही उरत नाही. आदल्या दिवशी रेझर चालतो, तोच फिरवायचा. आणि सावळ्या कातडीतही तेच रंगद्रव्य असतं, त्यामुळे चुकीचं यंत्र कातडी भाजतं. गडद कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग सर्वांत सुरक्षित, मध्यम सावळीला ८१० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोडही चालतो. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीसाठी. बाईने बुक करण्याआधी "यंत्र कुठलं, तरंगलांबी किती" हे विचारावं. उत्तर देता आलं नाही तर तिथून उठावं.

तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे. लेझरनंतर केस वाढणं ही नोंदलेली गोष्ट आहे, त्याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात. जबड्याची कडा, गाल आणि गळा या जागी, सावळ्या कातडीत आणि हार्मोनचा दोष असलेल्या बायकांत ते जास्त दिसतं. मूळ जाळायला अपुरी पण त्याला जागं करायला पुरेशी उष्णता पोचली की लव राठ होते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं, नेमकं कारण अजून पक्कं नाही. म्हणून गालावरच्या मऊ लवेवर लेझर मारूच नये, फक्त राठ केसांवर मारावा. "पूर्ण चेहरा" असं पॅकेज घेणाऱ्या बाईला नेमकं हेच नुकसान होतं. वाढलेले केस दिसले तर थांबायचं आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. तेच यंत्र, तीच मात्रा पुढे चालू ठेवायची नाही.

चेहऱ्यासाठी साधारण सहा ते आठ वेळा, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. "कायमचे जातील" असं कोणी सांगितलं तर ते खोटं. संख्या आणि जाडी बरीच घटते, पण हार्मोनचा दोष चालू असेल तर नवी लव राठ होतच राहते, आणि वर्षातून काही वेळा पुन्हा बसावं लागतं. पीसीओएस न ओळखता वर्षभर लेझर करणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

दोरा_चिमटा

सगळ्यांचे आभार. मान काळी दिसते त्यांना आजवर ब्लीच सुचवलं जायचं, ते आजपासून बंद.

तीन गट राहिले. आईबरोबर येणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली. पाळी गेल्यावर हनुवटीवर चार-पाच जाड केस आलेल्या बायका. आणि गरोदर बायका. यांना काय सांगायचं?

ग्रंथीवैद्य

मुलींचं जपून. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती अनियमित असणं स्वाभाविक आहे. एक ते तीन वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त, आणि तीन वर्षांनंतर ३५ पेक्षा जास्त, असं राहिलं तर दाखवावं. पीसीओएस म्हणायला या वयात अनियमित पाळी आणि वाढलेले अँड्रोजेन, दोन्ही हवेत. सोनोग्राफी पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी वापरत नाहीत, कारण वाढीच्या वयात अंडाशयात पुष्कळ बीजकोश दिसणं हे नेहमीचंच. सोनोग्राफीच्या एका कागदावर "पीसीओडी" (पीसीओएसचंच रूढ नाव) लिहून आणलेल्या मुलीला जन्माचा शिक्का मारू नका. आठ वर्षांच्या आतल्या मुलीला काखेत किंवा जांघेत केस आले असतील तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञाकडे. आणि केस काढायचे की नाहीत हे मुलीला विचारा, आईला नव्हे. शाळेत चिडवल्याने ती आतून किती कोलमडलेली आहे हे आईला कित्येकदा ठाऊक नसतं. हर्सुटिझम असलेल्या बायकांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, म्हणून पीसीओएसच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत त्याचीही चौकशी करायला सांगितलं आहे.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, अँड्रोजेन हळूहळू. त्या तफावतीने हनुवटीवर मोजके जाड केस येणं हे वयाचंच लक्षण. चिमट्याने काढावेत, झालं. पांढरे असतील तर लेझरवर पैसे घालवू नयेत. पण याच वयात काही महिन्यांत दाढीसारखे केस आले, टाळू उघडी पडली, आवाज बदलला, तर ते वयाचं नव्हे. अंडाशयातल्या पेशी जास्त अँड्रोजेन बनवत असतात किंवा गाठ असते. टेस्टोस्टेरॉन लगेच मोजायला हवं.

गरोदरपणात थोडे केस वाढणं नेहमीचं, बाळंतपणानंतर काही महिन्यांत ओसरतं. दोरा, रेझर चालतो. लेझर नंतरवर टाकतात. एफ्लॉर्निथिन, स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड काहीही नाही. आधीपासून घेत असेल आणि दिवस गेल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गरोदरपणात आवाज फुटला, केस झपाट्याने वाढले तर अंडाशयात ल्युटिओमा नावाची गाठ असू शकते. ती बहुधा बाळंतपणानंतर आपोआप जिरते, पण पोटात मुलगी असेल तर तिच्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून कळवणं गरजेचं.

बाईला न दुखावता कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं होतंत. सगळ्यांसमोर नको, आणि "दाढी", "मिशी" हे शब्दही नकोत. काम संपल्यावर हळू आवाजात एवढंच विचारा: "हे केस कधीपासून जाड व्हायला लागले? पाळी वेळेवर येते ना?" उत्तर जे येईल त्यावर म्हणा, "यावर औषध असतं. एकदा दाखवून घ्या, केस काढायला मी आहेच."

आणि पुढच्या वेळी तिने ठरवलं असेल तर काम सुरू करायच्या आधी, तिच्याच फोनवर, तिच्या परवानगीने दोन फोटो काढून द्या. एक हनुवटी वर करून, एक डाव्या किंवा उजव्या कडेने. उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको, त्याने खुंट पुसट होतात. फोटोखाली तिला चार गोष्टी लिहून ठेवायला सांगा: केस सुरू झाले ते वर्ष, गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू असलेली सगळी औषधं बायोटिनसकट, आणि आई-मावशी-बहिणींपैकी कोणाला असेच केस आहेत का. डॉक्टरपुढे ती बसेल तेव्हा चेहरा स्वच्छ असेल, पण फोटो असेल.

नमुना_सकाळचा

त्यात पाचवी गोष्ट जोडा: रक्त दिलं ती वेळ आणि पाळीचा कितवा दिवस. रिपोर्टवर हे छापून येत नाही, पेनने लिहावं लागतं.